तिसऱ्या बाकावरची उशी

मी इंग्लंडला कधी गेलेले नाही. लंडनच्या विमानतळावर विमान बदलायला चार तास बसले होते, ते काही जाणं नव्हे. पण त्या देशातल्या एका तीस-पस्तीस घरांच्या खेड्यात मला आज नेऊन सोडा, मी पोस्टाच्या दुकानापासून चर्चच्या दारापर्यंत कुणालाही न विचारता चालत जाईन. बदकांचं डबकं उजव्या हाताला ठेवायचं. फाटकाची कडी आधी वर उचलायची आणि मग ढकलायचं, नुसतं ढकललं तर अडकतं. आत काळपट हिरवी जुनी झाडं, त्यांच्याखाली कललेली थडगी आणि मग आठशे वर्षांपूर्वीचं ते दगडी चर्च. हे सगळं मला कळलं ओहायोतल्या डब्लिनमध्ये, शेजारच्या टाउनहाउसमधल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून. आणि त्यांची नि माझी ओळख झाली ती मी त्यांच्या फुलांवर गाडी घातली म्हणून.

२००४ चा एप्रिल होता. नवरा मला ड्रायव्हिंग शिकवत होता. नवऱ्याकडून ड्रायव्हिंग शिकू नये एवढी साधी अक्कल मला तेव्हा नव्हती. नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये साठ-साठ पोरांना गणित शिकवून आलेली बाई मी. मला कुणी "अगं ब्रेक, ब्रेक!" असं ओरडलेलं चालत नाही. मी चिडले, आणि चिडून पाय दाबला तो नेमका ॲक्सिलरेटरवर. गाडी रिव्हर्समध्ये होती, ती सरळ मागे शेजारच्या डॅफोडिल्सच्या वाफ्यात गेली. वर मीच नवऱ्याला सुनावलं, "बघ, तू ओरडलास म्हणून झालं हे!"

संध्याकाळी रव्याचे लाडू घेऊन माफी मागायला गेले. उंच, वाळक्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाईंनी दार उघडलं. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. "फुलं काय, पुढच्या वर्षी परत येतील," त्या म्हणाल्या. "तू आत ये. चहा घे."

आत ये, चहा घे! अमेरिकेत येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि असं कुणी म्हटलं नव्हतं. आपले मराठी लोकसुद्धा दोन आठवडे आधी ईमेल पाठवून बोलवायचे. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायची परवानगी नाही, नवरा सकाळी आठला गेला की मी दिवसभर भांड्यांशी भांडत बसायचे. त्या एका चहाच्या बोलावण्याने माझे डोळे भरून आले. लाज वाटली म्हणून मी भिंतीकडे बघायला लागले, आणि भिंतीला टेकून ठेवलेली ती लाकडी चौकट मला दिसली.

चौकटीला दोन गोल दांडे होते आणि त्यांच्यामध्ये जाळीदार कॅनव्हास ताणलेला. मधोमध लोकरीने भरलेलं एक फावडं आणि एक घंटा, डाव्या कोपऱ्यात थोडी गर्द निळी जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, भरलेली, बाकी सगळं कोरं. "हे फावडं कशाला?" मी विचारलं. जिथे तिथे नाक खुपसायची सवय आहे मला. त्या दिवशी ती कामी आली.

आजी (मी मनात त्यांना आजीच म्हणायला लागले होते) म्हणाल्या, ते त्यांच्या वडिलांचं फावडं. वडील गावच्या चर्चचं सगळं बघायचे. गवत कापायचं, थडग्यांसाठी खड्डे खणायचे, रविवारी घंटा वाजवायची. घर चर्चच्या भिंतीला लागूनच. दुसऱ्या महायुद्धात गावाजवळ अमेरिकन सैनिकांचा तळ पडला, त्यातल्या एकाशी आजींनी लग्न केलं आणि विसाव्या वर्षी बोटीने अमेरिका गाठली. पाच वर्षांनी मोठी बहीण मागे राहिली. ती अजून त्याच घरात होती, एकटी, बिनलग्नाची.

आणि आता गावाने ठरवलं होतं, की चर्चमधल्या गुडघे टेकायच्या जुन्या उशा कसरीने खाल्ल्यात, तर प्रत्येक घराने एकेक नवी उशी भरून द्यायची. जमीन सगळ्यांची निळी, मधलं चित्र ज्या त्या घराचं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, पीक घरात आलं म्हणून करतात त्या हंगामाच्या प्रार्थनेला, त्या आपापल्या बाकांवर ठेवायच्या. डावीकडचा तिसरा बाक आजींच्या घराचा. बहिणीची नजर गेलेली, मधोमध नुसतं काळं दिसायचं तिला, म्हणून तिने कॅनव्हास इकडे धाकटीला पाठवला. आजींनी चित्र पुरं केलं, कोपरा सुरू केला, आणि फेब्रुवारीत बर्फावरून घसरून मनगट मोडून घेतलं. हाड जुळलं, पण बोटं सुईभोवती मिटेनात.

"बहिणीनंतर त्या गावात आमचं कुणीही उरणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी जागा इथे ठरलेली आहे, नवऱ्याच्या शेजारी. ते बरोबरच आहे. पण तिकडे आमचं काहीतरी असू दे. हे वेळेत झालं नाही, तर तिसऱ्या बाकावर दुकानातली एक साधी उशी येईल."

मी निरखून पाहिलं. अरे बाप्पा, हा तर फुलीचा टाका! शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी दोसुतीवर माझ्याकडून बदकांची अख्खी रांग काढून घेतली होती. आईने ती माझ्या रुखवतात मांडलीसुद्धा. मला भरतकामाचा मनापासून कंटाळा. बायकांनी सुया टोचत बसावं हे कुणी ठरवलं म्हणून मी आईशी कडाकडा भांडलेली. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "मी भरते. मला येतं."

गावच्या बायकांच्या समितीचं एक पत्र होतं, दोन पानी, सूचनांचं. आजींनी ते मला वाचायला दिलं. मी चाळलं. शिकवणाऱ्या माणसाला सूचना द्यायची सवय असते, वाचायची नसते. कापड सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गावात पोचायला हवं, म्हणजे तिथे त्याची उशी शिवता येईल, एवढं मात्र मी लक्षात ठेवलं. नियमात न बसणारी कापडं परत पाठवली जातील, असंही त्यात होतं. आजी म्हणाल्या, दोन घरांची आलीच आहेत परत.

मग रोज दुपारी मी शेजारी जायला लागले. सुई माझ्या हातात, गाव त्यांच्या तोंडात. चर्चमध्ये हिवाळ्यात इतकं गार असायचं की प्रार्थना म्हणताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघायची. दाराचं लोखंडी कडं हात लागून लागून एका बाजूने झिजलेलं. सहा घंटांपैकी एक चिरलेली, तिचा आवाज ऐकला की बेकरीवाला कान झाकायचा. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी डाव्या हाताने मला गावाचा नकाशा काढून दिला आणि कोणत्या घरात कोण राहायचं ते सांगितलं. मी इतकी रमले, की नवरा घरी आला की त्याला ऑफिसचं विचारायच्याऐवजी बेकरीवाल्याचं सांगायचे. "तो माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली असतील," नवरा म्हणायचा. मला काही फरक पडत नव्हता.

मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांचं नि माझं तेव्हा फारसं सख्य नव्हतं. खोटं कशाला सांगू, अजिबात नव्हतं. घरात दोघींनाच दिवस काढायचा या कल्पनेनेच मला धडकी भरली होती. आठ दिवसांत त्याही वैतागल्या. "रस्त्यावर चिटपाखरू नाही गं. माणसं राहतात का इथं?" शेवटी मी त्यांनाही शेजारी घेऊन गेले. आजींना मराठी येत नव्हतं, सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघींचं बोलणं काही थांबत नव्हतं. मी मध्ये भाषांतर करायचे. वडिलांचं काम काय होतं ते सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गुरव होते म्हण की! मग देवाचं काम आहे हे. जमिनीवर काय टेकवतेस कापड? उचल आधी." या उशीवर लोक गुडघे टेकतात हे कळल्यावर त्या जरा विचारात पडल्या. "गुडघे ना? पाय नाही ना लागत? मग चालंल."

जुलैच्या मध्यापर्यंत निळी जमीन जवळजवळ भरत आली. झालेला भाग दांड्यावर गुंडाळायचा आणि पुढचा कोरा समोर घ्यायचा, अशी त्या चौकटीची रीत. त्यामुळे सगळं कापड एकत्र असं कधी कुणी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी छान ऊन होतं. आजी म्हणाल्या, मागच्या लाकडी डेकवर नेऊन उलगडू या. मी मोठ्या तोऱ्यात चौकट बाहेर नेली, दांडे सैल केले आणि कापड टेबलावर पसरलं.

डाव्या कोपऱ्यातलं आजींचं निळं वेगळं होतं आणि माझं निळं वेगळं. लोकर तीच, रंग तोच. पण माझी जमीन उन्हात चमकत होती आणि आजींची काळसर दिसत होती, आणि दोन्हींच्या मध्ये एक रेघ स्पष्ट, पट्टीने मारल्यासारखी. मी वाकून पाहिलं. फुलीच्या टाक्यात दोन धागे असतात, एक खाली, एक वर. आजींचा वरचा धागा डावीकडून उजवीकडे चढत होता. माझा, आमच्या शाळेतल्या बाईंनी शिकवला तसा, उजवीकडून डावीकडे. समितीच्या पत्रात पहिलीच सूचना तीच होती, की वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा. मी चाळलेल्या पानावर, पहिल्या ओळीत.

चूक कळली की माणसाने माफी मागावी. मी काय केलं? भडकले. "गुडघ्याखाली तर जाणार आहे! कोण बघतंय टाके?"

आजी रागावल्या नाहीत. कापडावरून डावा हात फिरवत म्हणाल्या, "माझे वडील भिंतीकडच्या थडग्यांच्या मागचंही गवत कापायचे. तिकडे कुणीच जात नसे." आणि त्या आत निघून गेल्या. माझं भाषांतर करायचं धाडस झालं नाही, पण सासूबाईंना सगळं कळलं होतं. आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना म्हणाल्या, "म्हातारीला बोललीस ते बरं नाही केलंस." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच आमच्या दारात. हातात चौकट. "मी विचार केला," त्या म्हणाल्या. "तुझं काम जास्त आहे, माझं थोडं. माझं काढून टाक. चित्र आणि कोपरा तू तुझ्या टाक्याने परत भर. नमुन्याचा कागद आहेच. दहा-बारा दिवसांत होईल, आणि आपण आरामात वेळेत पोचू."

हिशोब अगदी बरोबर होता. गणित शिकवायचे मी, मला कळत होतं. त्यांचं उसवलं तर दोन आठवडे, माझं उसवलं तर पुन्हा अडीच-तीन महिन्यांचं काम, आणि हातात जेमतेम सात आठवडे. मी भरतकामाची लहानशी कात्री उचलली. फावड्याच्या दांड्याशी टोक नेलं. आणि मग आजींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मान ताठ, मोडलेला हात चांगल्या हातात धरलेला. मी कात्री खाली ठेवली.

"मी नाही काढणार."

"अगं, तेच शहाणपणाचं आहे."

"असेल. मी नाही काढणार. चूक माझी, उसवायचं ते माझं. तुमच्या हातचं यात एवढंच आहे, आणि तुम्ही आता दुसरं भरू शकत नाही."

त्यांनी बरंच समजावलं. वेळेत झालं नाही तर काहीच राहणार नाही, एका हट्टापायी सगळं जाईल, असं म्हणाल्या. ते खरंच होतं, आणि त्याची मला भीतीही वाटत होती. पण मी ऐकलं नाही.

उसवायला सासूबाई बसल्या. सहासष्टाव्या वर्षी बाईंची नजर अशी, की बिनचष्म्याने सुई ओवायच्या. एकेक टाका मागून कापायचा, चिमट्याने ओढायचा, कॅनव्हासची जाळी दुखवायची नाही. तीन महिन्यांचं माझं काम पाच दिवसांत दोन पिशव्या निळ्या कचऱ्याचं झालं. मग मी भरायला बसले. आता दुपारी दोन तास असं नाही, सकाळी नवऱ्याचा डबा झाला की थेट संध्याकाळपर्यंत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या नाटकातलं काम सोडलं. "यार, ऐनवेळी कॅन्सल करतेस?" म्हणून सेक्रेटरीबाई फुगल्या, त्या दिवाळीपर्यंत फुगलेल्याच होत्या. हाताला जुनं वळण. जरा लक्ष उडालं की टाका आपला आपल्या शाळेकडे वळायचा. शेजारी सासूबाई परीक्षकासारख्या. "उलटा गेला. काढ." मी दात-ओठ खात काढायचे. थोड्या वेळाने परत, "काढ." एकदा मी सुईच भिरकावली. त्यांनी शांतपणे ती गालिच्यातून शोधून काढली, ओवली आणि माझ्या हातात दिली. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच एक बाजू भरायला घेतली, आजींच्या टाक्याकडे बघून बघून, आणि तो माझ्यापेक्षा सरस यायला लागला. स्वयंपाक नवऱ्याकडे गेला. सहा आठवडे आम्ही खिचडी आणि पिझ्झा खाल्ला, आणि त्या माणसाने हूं की चूं केलं नाही.

आजी रोज यायच्या, लोकरीचे धागे डाव्या हाताने सारख्या लांबीचे कापून रांगेत लावून ठेवायच्या. उसवण्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. आम्ही तिघी त्या खोलीत बसलेल्या असायचो, बाहेर कुणीतरी लॉन कापत असायचं, आणि मला एके दिवशी अचानक लक्षात आलं की मी सुखात आहे. परक्या देशात, बिनपगारी, मान अवघडलेली, बोटांना भोकं पडलेली, आणि सुखात. सासूबाई मला तिथेच लाभल्या. त्याआधी त्या फक्त नवऱ्याची आई होत्या. आणि आजींनी तर मला एक अख्खं गाव देऊन टाकलं, काही मागेपुढे न बघता. मी या दोघींची कायमची ऋणी आहे. हे त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा टाका झाला. कापड डेकवर उन्हात पसरलं. रेघ नव्हती. आम्ही तिघींनी चारी बाजूंनी फिरून फिरून पाहिलं, नव्हतीच. सासूबाईंनी कापडाला हळद-कुंकू लावायचं म्हणून बोट पुढे केलं, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. "आई, डाग पडेल! परत येईल!" मग त्यांनी कुंकू पाकिटाला लावलं. पोस्टातल्या माणसाने तो लाल ठिपका बघून विचारलं, आत काही सांडणारं आहे का?

पाकीट पोचलं. कापड पसंत पडलं, असं समितीच्या बाईंनी फोनवर कळवलं. हंगामाचा रविवारही होऊन गेला. बहिणीचं पत्र मात्र ऑक्टोबर संपत आला तरी येईना. ती मुळातच कडक, आजी म्हणायच्या, तिला आवडलं नसेल तर ती लिहिणारच नाही. त्या रोज दुपारी पत्रपेटीपर्यंत चालत जायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या, आणि मी खिडकीतून बघायचे.

शेवटी आलं. बहिणीने सांगितलेलं आणि पाद्र्याच्या बायकोने लिहून घेतलेलं. आजींनी पाकीट फोडलं आणि पत्र वाचायला माझ्याकडे दिलं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभी राहून मी वाचलं. चर्चमध्ये भोपळे, सफरचंदं आणि गव्हाच्या पेंढ्या मांडल्या होत्या. गर्दी बरी होती. आपला निळा रंग फार सुरेख आला आहे असं सगळ्यांनी बहिणीला सांगितलं होतं. आणि मग असं होतं: "मला निळं दिसत नाही. लोक गेल्यावर मी उशी मांडीवर घेतली आणि बोटं फिरवली. काम चांगलं आहे, एकसारखं आहे, पण हात माझ्या ओळखीचा नाही. मग बोटं फावड्याला लागली, आणि तिथून डाव्या कोपऱ्याला. तिथले टाके घट्ट आहेत. दोरा असा करकचून फक्त तू ओढतेस. आई किती रागवायची तुला. मी तिथेच हात ठेवून बराच वेळ बसले. आता रविवारी मी तिथेच हात ठेवते."

आजी खुर्चीत बसल्या. मी पत्राची घडी करायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"आणि मी तुला ते काढून टाक म्हणत होते," त्या म्हणाल्या.